चार फरश्या

सुभद्रेने स्वयंपाकघरापासून न्हाणीच्या दारापर्यंत तिसरं बारदान अंथरलं आणि त्याची कड तळहाताने दाबली. हात उचलताच कड सरकली. घोटलेल्या काळ्या दगडावर काहीच टिकत नव्हतं.

तिच्या नवऱ्याने, भगवंतरावाने, दारातूनच पायाने बारदान बाजूला लोटलं.

"अमरावतीचे व्यापारी जेवाले येऊन राहिले, अन् तू बारदानं अंथरून राहिली? काहून?"

"आत्याबाईसाठी. त्यायले नीट दिसत नाही."

"अख्ख्या वलगावात अशी फरशी कोनाच्या घरी नाही."

"पडाची भीतीबी नाही कोनाच्या घरी," ती म्हणाली. पण काखेतल्या लेकराच्या टाळूवर तोंड टेकून. अर्धे शब्द तिथेच राहिले.

कुठे दूर समुद्रापार लढाई चालली म्हणून गेले दोन हंगाम इथल्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता. कापूस घेऊन अमरावतीला गेलेल्या गाड्या परतताना दगड भरून आल्या. वर्षानुवर्षं सारवून मऊ झालेली भुई खणून निघाली. तेव्हा सुभद्रेने एकच मागितलं होतं: सासूच्या न्हाणीच्या वाटेवर दोन हात रुंद मातीचा पट्टा राहू द्या. भगवंतराव हसला होता.

"शालूले गोनपाटाचं ठिगळ लावते काय कोनी?"

सासू दुर्गाबाई तेव्हापासून भिंतीला हात लावून चाले.

"पोरी, हे फरशी मले पाहुनी समजते," ती म्हणे. "पाय टेकला का लगेच रवाना कराले पाहाते."

न्हाण्याआधी ती रोज पायांना तेल चोळून घेई. तळवे पुसून द्यायचं काम सुभद्रेचं. व्यापारी यायचे होते त्या सकाळी लेकरू रडायचं थांबेना, म्हणून सुभद्रा त्याला पाजायला बसली. "बसा हं आत्याबाई, आलीच," असं तिने सांगितलंही होतं. आवाज फार मोठा झाला नाही. भरली घागर जरा जोरात ठेवावी, तेवढाच.

हाडवैद्याने बांबूच्या कामट्या बांधल्या. खुब्याची सूज उतरली नाही. ताप चढला. भगवंतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगे, "वय झालं होतं. जमिनीचा काय दोष?" सुभद्रा सासूच्या पायथ्याशी बसून तिचे तळवे फडक्याने पुसत राही. कोरडे झालेले असत, तरी पुसत राही.

एकविसाव्या दिवशी दुपारी दुर्गाबाईचा श्वास अडखळू लागला. भाऊबंदांतले वडीलधारे जानराव उशाशी बसले होते. त्यांनी नाडी पाहिली.

"खाली घ्या बुढीले. भुईवर."

चौघांनी हात घातले आणि थबकले. सगळीकडे दगड होता.

"दगडावर प्रान सोडते काय कोनी?" जानराव म्हणाले. "आंग मातीले टेकलं पाहिजे."

"गोठ्यात हाये माती," कोणीतरी हळूच म्हणालं.

"गोठ्यात नेता माह्या मायले?" भगवंतराव ओरडला.

तो स्वतः पहार घेऊन आला. फरश्या कुठून काढायच्या, ते त्याला सुचेना. सुभद्रेने न्हाणीच्या वाटेकडे बोट दाखवलं. पहिली फरशी निघताना त्याच्या बोटांतून रक्त आलं, पण तो थांबला नाही. चार फरश्या निघाल्या. सुभद्रेने शेण-मातीचा हात फिरवला. ओल्या भुईवर दुर्गाबाईला ठेवलं, तेव्हा तिची बोटं जराशी हलली. दिवेलागणीच्या आधी ती गेली.

तेरवीनंतर गवंडी चुन्याचं घमेलं घेऊन आला. तोवर ती चार फरश्यांची माती वाळून घट्ट झाली होती, आणि लेकरू तिच्यावर उभं राहायला शिकत होतं. पडे, उठे, पुन्हा पडे. एकदाही रडलं नव्हतं.

भगवंतराव त्या जागेपाशी आला. सुभद्रा दाराआड उभी होती.

"बसवून टाक," तो गवंड्याला म्हणाला. मग वळून, "पन चुना नको भरू. नुसत्या ठेव. पुढच्या खेपेले पहार नाही लागली पाहिजे."

सुभद्रेने लेकराला उचलून कडेवर घेतलं. खाली उतरण्यासाठी ते पाय झाडत होतं.