तिसावी चूक

संस्थेत तिला सगळे पेरणीबाई म्हणत, पण तिचा शेतीशी काही संबंध नव्हता. ती चुका पेरायची. सॉफ्टवेअरची तपासणी किती भरवशाची असते, ते मोजायचं कसं, या विषयावर तिची डॉक्टरेट चालू होती आणि चालू होऊन पाच वर्षं झाली होती. पद्धत तशी सोपी. नीट चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये आपणहून तीस चुका घालायच्या, तपासणाऱ्यांना काही सांगायचं नाही आणि वाट बघायची. त्यांना तीसपैकी पंधरा सापडल्या, तर मूळच्या, कोणालाच ठाऊक नसलेल्या चुकाही त्यांना निम्म्याच सापडत असणार, असं धरायचं.

"म्हणजे चुका तू करायच्या आणि शोधायला लोकांना लावायचं," तिची थोरली बहीण म्हणाली होती. दोघी एकत्र राहत. ताई गाडी शिकवायची, त्यामुळे चुकांबद्दल तिची मतं पक्की होती. "माझ्याकडे लोक हेच करतात, आणि वर फी भरतात."

प्रबंध रखडला होता तो मार्गदर्शक सरांमुळे. सर चौथ्या मजल्यावर बसत. त्यांच्या शेजारच्या खोल्यांत तीन व्यवस्थापक होते. एक प्रकल्पाचा, एक गुणवत्तेचा आणि एक या दोघांत समन्वय ठेवणारा. दर मंगळवारी ती सरांना भेटायला जायची आणि दर मंगळवारी सर म्हणायचे, "विषय जरा व्यापक करू या का?" तपासणीत मग रचना आली, रचनेत व्यवस्थापन आलं, आणि पहिलं प्रकरण सतराव्यांदा नव्यानं लिहायची वेळ आली.

या खेपेला तिनं इमारतीच्याच लिफ्टचा प्रोग्रॅम घेतला. तो संस्थेतच लिहिलेला होता. दारं आणि ब्रेक यांना हात लावायचा नाही, एवढ्या अटीवर इमारतीच्या देखभाल विभागानं परवानगी दिली. आपली आवडनिवड मध्ये येऊ नये म्हणून तिनं चुकांच्या चिठ्ठ्या टाकल्या आणि एकेक उचलली. लिफ्ट वर जाताना 'खाली' असं बोलेल. सम मजल्यांवर पंखा बंद पडेल. सातचं बटण दाबलं की सहाचा दिवा लागेल. अशा एकोणतीस झाल्या. तिसाव्या चिठ्ठीवर होतं, 'एक मजला वगळणे.' कोणता, ते चिठ्ठीत नव्हतं. तिनं चार हा आकडा टाकला. नऊ मजल्यांतून हाच का, असा विचार तिच्या मनात आला खरा, पण तो तिनं फार वेळ राहू दिला नाही.

सोमवारपासून लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबेनाशी झाली. बटणाचा दिवा लागायचा, लिफ्ट तिसऱ्यावरून निघायची, 'चौथा मजला' असं स्पष्ट म्हणायची आणि तशीच पाचव्यावर जाऊन उभी राहायची. जिना होता. चांगला रुंद, उजेडाचा, कठडा असलेला. पण चौथ्यावर निघालेला माणूस पाचव्यावर पोचला की क्षणभर उभा राही, हातातले कागद बघे, "आज काही योग दिसत नाही" असं म्हणे आणि खाली आपल्या जागेवर जाऊन कामाला लागे.

दुसऱ्या मजल्यावरच्या चार तपासनिसांनी पहिल्या तीन दिवसांत सव्वीस चुका शोधल्या. शुक्रवारपर्यंत एकोणतीस. तिसावीचा पत्ता नव्हता, आणि ते चौघंही दिवसातून सहा वेळा त्याच लिफ्टनं जात-येत होते.

दरम्यान आठ महिने अडकलेलं एक काम गुरुवारी दुपारी पुरं झालं. रचनाकारांनी वर्षभर वाद घातलेल्या, पडद्यावरच्या एका बटणाचा रंग ठरवला, हिरवा, आणि पुन्हा त्याचं नाव काढलं नाही. मंगळवार आला, पेरणीबाई लिफ्टनं निघाली, आपल्याच चुकीनं पाचव्यावर पोचली, तिथल्या आपल्या प्रयोगशाळेत गेली आणि तिनं दोन प्रकरणं लिहून काढली.

दुसऱ्या आठवड्याच्या अखेरीस मात्र तिला राहवेना. ती तपासनिसांच्या प्रमुखाकडे गेली. त्यांना शंकासुर म्हणत. सकाळी घड्याळ बघितल्यावरही ते वेळ दुसऱ्या घड्याळाशी ताडून बघत.

"तुम्हाला लिफ्टमध्ये आणखी काही दिसलं नाही?" तिनं विचारलं.

"चौथा मजला ना? पहिल्याच दिवशी दिसला. म्हणजे दिसला नाही."

"मग लिहिलं का नाहीत?"

शंकासुरांनी चष्मा काढून पुसला. "चूक म्हणजे काय, बाई? जे व्हायला हवं ते न होणं. आम्ही चौघांनी बसून विचार केला. लिफ्टनं चौथ्यावर थांबायला हवं, असं आमच्यातल्या एकालाही मनापासून म्हणता येईना. मग खोटं कसं लिहायचं?"

"पण कागदावर लिहिलंय, लिफ्ट नऊ मजल्यांवर थांबेल."

"तो कागद कोणी लिहिला?"

"चौथ्या मजल्यानं," ती म्हणाली.

"मग झालं तर."

ती घरी आली ती विचारातच. तीसपैकी एकोणतीस लिहावं तर ते खोटं, तीस लिहावं तर तेही खोटं. जेवताना तिनं ताईला सगळं सांगितलं.

"ते बाकीचे राहू दे," ताई म्हणाली. "ज्यांचा मजला गेला, ते कसे गप्प? माझ्या गाडीचा एक आरसा काढला, तर मी गल्ली डोक्यावर घेईन."

हे पेरणीबाईच्या ध्यानातच आलं नव्हतं. सकाळी ती जिन्यानं चौथ्यावर गेली. बारा दिवसांत तिथं बाहेरून येणारी ती पहिलीच असावी. भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. 'अडचणी' या सदरात रोज शून्य भरलेलं होतं. तिन्ही व्यवस्थापक एकमेकांच्या कामाचा आढावा घेत बसले होते आणि कामगिरी उत्तम होती.

सरांनी तिला खोलीत बसवलं आणि दार लोटलं.

"इतकं सुरळीत कधीच चाललं नव्हतं," ते म्हणाले. "एक तक्रार नाही. पण..." त्यांनी आवाज उतरवला. "कुणाला सांगू नका. मी हल्ली रोज चुकीचं बटण दाबतो. चार दाबतो असं वाटतं, 'चौथा मजला' असं ऐकूही येतं, आणि पाचव्यावर जाऊन पोचतो. मग एक मजला उतरून येतो. शेजारच्यांना पत्ता लागू देत नाही. वय झालं बहुधा."

शेजारच्या तिघांचंही तेच चाललं असणार, हे तिला तिथंच उमगलं. बारा दिवस चार जाणती माणसं एक मजला चोरून जिना उतरत होती आणि प्रत्येकाला वाटत होतं, बिघाड आपल्यातच आहे.

"सर, बटण बरोबर आहे. चूक मी घातली," ती म्हणाली. "चिठ्ठी निघाली होती, पण आकडा मी निवडला."

सरांनी उठून दार पुन्हा एकदा नीट लोटलं. रागावतील, विषय बदलायला लावतील, असं तिला वाटलं.

"म्हणजे चूक आम्हाला रोज सापडत होती," ते म्हणाले, "फक्त आम्ही ती स्वतःच्या नावावर लिहीत होतो. तपासनिसांना मात्र ती चूकच वाटली नाही."

"हो, सर."

"हे लिहा. जसं घडलं तसं."

तिनं त्याच दुपारी चूक काढून टाकली. दुसऱ्या दिवशी लिफ्ट चौथ्या मजल्यावर थांबली, आणि जेवणाच्या सुट्टीच्या आत शंकासुरांच्या टेबलावर एकेचाळीस तक्रारी आल्या. 'लिफ्ट विनाकारण चौथ्या मजल्यावर थांबते.' शंकासुरांनी स्वतः जाऊन खात्री केली, दुसऱ्या तपासनिसाकडून ताडून घेतली आणि गंभीर चूक म्हणून नोंदवली. नोंद नियमाप्रमाणे चौथ्या मजल्याकडे निर्णयासाठी गेली. सर आणि तिन्ही व्यवस्थापक, अशा चौघांची बैठक दोन दिवस चालली. मंगळवारी आणि शुक्रवारी अकरा ते एक लिफ्ट चौथ्यावर थांबेल, एरवी नाही, असं ठरलं. गुणवत्तेच्या व्यवस्थापकानं भिन्नमत नोंदवलं. त्याच्या मते शुक्रवारची गरज नव्हती.

पेरणीबाईनं तिसाव्या चुकीसाठी वेगळं प्रकरण केलं. ते तिनं सरांना पाठवलं. त्याच्या पुढच्या बुधवारी सर जिना चढून पाचव्यावर तिच्या प्रयोगशाळेत आले. थोडे धापा टाकत होते. खुर्ची ओढून बसले, पानं पुढ्यात घेतली आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. 'व्यापक' ऐकायच्या तयारीनं तिनं वही उघडून पेन हातात धरलं होतं.

"बाराव्या पानावर एक स्वल्पविराम राहिलाय," ते म्हणाले आणि पाणी मागितलं.