उत्तर तयार होतं

"सर, इंटरनेटची लाइन लागली. बसा पटकन, नायतर परत जायाची," गोकुळनं खुर्ची पुढं सरकवली.

खोडाळ्याच्या शाळेत गणित शिकवणारे हेमंत सर दर शनिवारी एस.टी.नं जव्हारला यायचे आणि गोकुळच्या फोन बूथमधल्या एकुलत्या एक संगणकापुढं बसायचे. बायको वारल्यापासून घरी वाट बघणारं कोणी नव्हतं. इथं निदान ममताची मेल असायची. ती बंगळुरूच्या एका छोट्या कंपनीत कंपायलरवर, म्हणजे माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामवर, काम करायची. गणिताच्या एका मेल-गटावर ओळख झाली, एवढंच. एकमेकांना कधी पाहिलेलं नव्हतं.

"तुम्ही दोघं लिवता तरी काय एवढं?"

"अरे, दशांशाचा आकडा प्रोसेसरच्या हातात असतो तोवर त्याची अंकांची शेपटी लांब असते. मेमरीत ठेवला की छाटली जाते. हिचा कंपायलर प्रोसेसरला तो आकडा उगाच सारखा मेमरीत ठेवायला आणि परत उचलायला लावतो. वेळ जातो आणि उत्तरही थोडं चुकतं."

"म्हंजे लाकडाचा भारा घर येईस्तोवर डोक्यावरनं उतरवायचा नाय. उतरवला की काटक्या सांडतात."

"अगदी तसंच."

खरं सांगायचं तर सरांना उत्तर कधीच सापडलं होतं. कुठला आकडा कुठवर हातात ठेवायचा, ते सगळं सोडवून तयार होतं. पण ते पाठवत नव्हते. दर शनिवारी थोडंसं लिहायचे आणि वर एक शंका काढायचे. कारण ममताच्या मेलच्या शेवटी एक ओळ असायची, 'सर, वेळेवर जेवता ना?' असं विचारणारं दुसरं कोणी उरलं नव्हतं. लबाडीच ती, पण एकटा माणूस काय काय करतो.

आज ती ओळ नव्हती. 'सोमवारपर्यंत जमलं नाही तर मला काढतील. आई माझ्यावरच अवलंबून आहे. सर, काही सुचतंय का?'

सरांनी खुर्ची पुढं ओढली. त्यांनी सगळं टाइप करायला घेतलं. मध्येच लाइन गेली, पुन्हा लावली. पाठवताना हात अडला. हे गेलं की संपलंच, हे त्यांना कळत होतं. त्यांनी पाठवलं.

पुढच्या शनिवारी मेल आली होती, सगळ्या टीमला मिळून एकच. 'बदल लागू केला. वेग वाढला, उत्तरंही जुळतात. हेमंत सरांचे आभार.' खाली नेहमीच्या ओळीच्या जागी कंपनीचा पत्ता होता.

"झालं का काम, सर?"

"झालं. पोरीची नोकरी वाचली."

"मंग बंद करू? खोडाळ्याची गाडी लागलीय."

"राहू दे जरा," सर म्हणाले. "अजून एखादी मेल यायची."

 गोकुळनं लाइन चालू ठेवली. बाहेर गाडी भरली आणि निघून गेली.