जशीच्या तशी

संघप्रियाने शेवटचा स्क्रू काढून जुन्या कॉम्प्युटरचं पत्र्याचं झाकण बाजूला ओढलं, तशी आतून धुळीची एक मऊ लादी टेबलावर पडली.

"काका, आत कुणीतरी राहत होतं."

"पाल असायची," मोबाइलचा उजेड धरून उभा असलेला राघवेंद्र म्हणाला. "अलीकडं दिसली नाही. आवाजाला कंटाळून गेली असंल."

आवाज डिस्कचा होता. बरेच दिवस ती ज्वारी भरडल्यासारखी वाजत होती. कळंबच्या बसस्टँडमागच्या बोळातल्या या दुकानात राघवेंद्र लग्नपत्रिका, हँडबिलं आणि तेराव्याचे कागद जुळवून द्यायचा. पंचक्रोशीतल्या माणसांची नावं चुकायची ती बहुतेक इथंच. जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा प्रत्येक संस्थेला नवं लेटरहेड लागणार म्हणून त्याने नवा कॉम्प्युटर घ्यायचं योजलं होतं. पण जुना गठ्ठा संपेपर्यंत तोच वापरायचा, असं प्रत्येक संस्थेने एकमताने ठरवलं आणि बेत बारगळला. राघवेंद्रला त्याचं फारसं वाईट वाटलं नव्हतं.

आता मात्र इलाज नव्हता. नवी मशीन शेजारी येऊन बसली होती, शाळेच्या कंपासपेटीपेक्षा थोडी मोठी.

"नव्यावर नवंच लिनक्स टाकते," संघप्रिया म्हणाली. "तुमच्या फायली वरून ओतते. तासाभराचं काम. हे जुनं कशाला ओढत न्यायचं?"

"नको. जशीच्या तशी ने."

"कचऱ्यासकट?"

"कचरा कुठला हे तुला काय ठाऊक? तुझ्या बापानं बसवलंय ते."

यावर संघप्रियाने वाद घातला नाही. ती पुण्यात मोठमोठ्या कंपन्यांची यंत्रं दुरून सांभाळायची, आणि आईला भेटायला म्हणून आली होती. तिने जुनी डिस्क काढून नव्या मशीनला बाहेरून जोडली आणि काळ्या पडद्यावर लिहायला सुरुवात केली. पांढऱ्या ओळी वर सरकू लागल्या.

तिचा बाप अमृत कॉलेजात फिजिक्स शिकवायचा. गिऱ्हाइकांच्या पेनड्राइव्हमधून येणाऱ्या व्हायरसनी राघवेंद्रचा कॉम्प्युटर एकदा ऐन लग्नसराईत आडवा पडला, तेव्हा तो एक सीडी घेऊन आला होता. "ह्याला लिनक्स म्हणतात. व्हायरस शिवत नाही. फुकट असतं, म्हणजे तुला पटंल." दोन रविवार खपून त्याने ते बसवलं, मराठी फॉन्ट बसवले, आणि कॉलेज सुटल्यावर दुकानात येऊन बसायचा परिपाठही तेव्हाच बसवून घेतला.

मात्र राघवेंद्र खुर्चीतून उठेल तर ना. समोर ईरण्णाच्या हॉटेलातून चहा झाल्याची हाक यायची, आणि हा मान वर न करता म्हणायचा, "एवढं पान होऊ दे." पानामागून पान व्हायचं. "तुझं पान होईस्तवर चहाला साय धरती," असं म्हणून अमृत एकटाच जाऊन यायचा.

मग एका मे महिन्यात मशीन तापायला लागली. साडेचार वाजले की पडद्यावरचा बाण जागच्या जागी थिजायचा. माऊस हलवा, बटणं बडवा, ढिम्म. "बंद करू नको," अमृतने पाठीमागचा पत्रा चाचपून निदान केलं. "तापलीय. दहा मिनिटं गप बसू दे. चल." दोघं चहा पिऊन परत आले की मशीन सोडलेल्या अक्षरापासून मुकाट पुढे चालू. एक काना इकडचा तिकडे होत नसे. इतकं सुसंस्कृत बिघडणं राघवेंद्रने माणसांतही पाहिलं नव्हतं. त्याने टेबलफॅन आणून तिच्याकडे तोंड करून ठेवला, ओल्या फडक्याने पुसून पाहिली, बायकोने लिंबू-मिरची बांधली. मशीन साडेचारला तापतच राहिली, थंडीतसुद्धा. फक्त रविवारी, आणि आठवड्याच्या बाजारादिवशी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना, ती कधीच तापली नाही. त्याचं श्रेय राघवेंद्रने तुळजाभवानीला दिलं होतं.

अमृत गेला त्याला आता दोन उन्हाळे झाले. मशीनने त्यानंतरही खाडा केला नव्हता. बाण थिजला की राघवेंद्र उठायचा, ईरण्णाकडे जाऊन त्याच बाकावर, एका कडेला बसायचा. कुणासाठी उठायचं, हा प्रश्न मशीनने त्याला पडू दिला नव्हता. नवी मशीन तापणार नाही हे दुकानदाराने खात्रीने सांगितलं होतं. तो तिचा मोठाच गुण होता.

"झालं उतरवून," संघप्रिया म्हणाली आणि तिने नवी मशीन सुरू केली. काळा पडदा. कोपऱ्यात एक पांढरी रेघ नुसतीच लुकलुकत राहिली.

"काय करायलीय?"

"मशीन अजून जुन्या डिस्कचा पत्ता शोधतेय. बाकी सगळीकडं नवा घातला, एका ठिकाणी राहिला माझ्याकडून."

"आमच्याकडं अजून पाकिटावर उस्मानाबादच घालतेत. पोचतं."

"हिला नाही पोचत."

तिने तो पत्ता सुधारला. या खेपेला पडदा उजळला आणि तेर गावच्या देवळाचा फोटो समोर आला. स्कूटरवरून दोघं गेले होते तेव्हाचा, उजव्या कोपऱ्यात अमृतचा अंगठा आलेला. हा फोटो बदलायचा राहून गेलाय, असं राघवेंद्र विचारणाऱ्याला सांगत आला होता. त्याने चष्मा वर सरकवला.

"आलं की सगळं."

"थांबा, वेळेवर आपोआप चालणारी कामं नीट आली का बघते." ती खाली वाकून वाचू लागली. बापाने लिहिलेल्या एका ओळीवर तिचं बोट थांबलं. "काका, साडेचारला ही मशीन काय करते?"

"तापती."

"रोज?"

"रविवार अन् बाजार सोडून. लई जुनी सवय होती जुनीची. तू लहान होतीस."

संघप्रियाने चष्मा काढून ओढणीने पुसला. तो आधीच स्वच्छ होता.

"जशीच्या तशी पाहिजे ना तुम्हाला? एकही ओळ सोडायची नाही?"

"तेच तर सकाळपासून सांगतोय."

"बरं," ती म्हणाली आणि तिने तो पडदा बंद केला. जाताना पायरीवर वळून तिने नव्या मशीनकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी राघवेंद्रने टेबलफॅनला पोतं गुंडाळून तो टेबलाखाली सरकवला. नवी मशीन भराभर चालत होती. दुपारी दगडाबाई नातवाच्या जावळाची पत्रिका जुळवून घ्यायला आली आणि स्टुलावर बसून भावकीतली नावं सांगू लागली.

"चुलत्यांची नावं आधी घाला, मालक. न्हायतर जेवायला येतेत अन् न जेवता जातेत."

"मग तेवढंच अन्न वाचंल की."

"वाचतंय कुठं. बांधून नेतेत."

चुलते संपून मामांकडे वळताना भिंतीवरच्या घड्याळाकडे राघवेंद्रची नजर गेली. त्याने ती मुद्दाम पडद्यावर आणली. एक मामा झाला. दुसऱ्या मामाच्या नावावर बाण थिजला.

त्याने माऊस हलवला. बटण दाबलं. मग हात लांबवून मशीनच्या अंगावर ठेवला. ती रांजणासारखी गार होती. हात त्याने लगेच काढला नाही.

"रविवारी नाही," तो हळू म्हणाला. "बाजारादिवशी नाही."

"काय जी?"

राघवेंद्र वाकला. टेबलाखालून फॅन ओढला, पोतं सोडलं, मशीनकडे तोंड करून तो ठेवला आणि बटण दाबलं. दगडाबाई आळीपाळीने दोघांकडे पाहत राहिली.

"काय झालं हिला?"

"तापली."

"कालच आणली म्हनं की."

"व्हय."

"मंग एवढं पान तरी होऊ द्या की, मालक."

"चहाला साय धरंल," राघवेंद्र म्हणाला आणि त्याने पायात चप्पल सरकवली.