परतणाऱ्यांचा पेला

डॉक्टर वेंडेलिनना शिखरावर पोचवलं, तर कास्सियानला पुढच्या फेब्रुवारीत अख्ख्या आठवड्याचं बुकिंग मिळणार होतं, सोबत त्यांचे तीन मित्र गिऱ्हाईक म्हणून. डॉक्टर म्हणजे निवृत्त दंतवैद्य. चोवीस शिखरांची यादी केलेली, त्यातलं हे शेवटचं.

कास्सियान तिसऱ्या पिढीचा गाईड. शिखराकडे नेणारा समोरचा उतार तो एकतीस वेळा स्कीवरून उतरला होता आणि नेमकं तेच त्याला खटकत होतं. खोऱ्यातली माणसं दगावली ती ओळखीच्याच उतारांवर. सकाळच्या हिमपत्रकात हिमस्खलनाचा इशारा पाचपैकी तीनचा होता. चारचा असता तर कुणी अंथरुणातून उठलंच नसतं. तीनचा म्हणजे ज्याचं त्याने ठरवायचं.

पायथ्याशी त्याने बर्फात खड्डा खणला, भिंतीतून एक खांब कापून मोकळा केला आणि त्याच्या डोक्यावर फावडं ठेवून हाताने थापा मारू लागला. मनगटातून दहा, मग कोपरातून. बाराव्या थापेला वरचा थर फळीसारखा सरकून बाहेर आला. खाली साखरेसारखे सुटे दाणे, म्हणजे वरच्या थराला धरून ठेवणारं काहीच नाही.

डॉक्टरांनी वर बोट दाखवलं. "चौघं उतरलेत की रे सकाळी. खुणा दिसतायत."

"चौघांना झेललं, एवढं दिसतंय," कास्सियान म्हणाला. "पाचव्या-सहाव्याला झेलेल का, ते त्या खुणांत नाही."

हजार मीटरच्या वर इथे सगळेच एकमेकांना अरे-तुरे करतात. डॉक्टर तिथल्या तिथे 'तुम्ही'वर आले. गाईड तुम्ही, निर्णय तुमचा, एवढं बोलून त्यांनी स्की वळवल्या.

वाटेवरच्या मुक्कामाच्या झोपडीची मालकीण नोटबुर्गा, तिचा रिवाज जुना: शिखर गाठून येणाऱ्याने दारूचे पैसे द्यायचे, अर्ध्यातून परतणाऱ्याला एक पेला फुकट. परतीचं कारण मात्र वहीत लिहायचं. डॉक्टरांनी लिहिलं, 'गाईड घाबरला.' नोटबुर्गाने वाचलं, खोडलं नाही, दोन पेले भरले.

उतारावरचा बर्फ त्या दिवशी सुटून कोसळला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. एप्रिलात बर्फ जमून घट्ट झाला, तेव्हा डॉक्टर दुसरा गाईड घेऊन त्याच उताराने शिखरावर गेले आणि झोपडीच्या पत्त्यावर फोटो धाडला. आठवड्याचं बुकिंग अर्थात त्या दुसऱ्याकडे गेलं.

"मग तेव्हा चुकलास का रे तू?" फोटो भिंतीला लावत नोटबुर्गाने विचारलं.

"कुणास ठाऊक. कळायचा एकच मार्ग होता."

मे महिन्यात त्या उतारावरचा बर्फ जागच्या जागी वितळला आणि ओढ्याने निघून गेला.

एकूण हिशेबात नोटबुर्गाचे दोन पेले गेले, कास्सियानचा एक आठवडा आणि तीन गिऱ्हाइकं गेली. डॉक्टर दोन्ही वेळा आपल्या पायांनी घरी पोचले आणि त्यांच्या समजुतीप्रमाणे हे सुखरूप पोचणं त्यांना फुकटच पडलं.