धोरणात बसत नाही

साहेब, तुमच्या कपाटात एक माणूस अकरा महिने मरत पडला होता, आणि तुम्ही रोज संध्याकाळी त्या कपाटाला कुलूप लावून घरी जात होतात. नाही म्हणू नका. कागदावर तारीख आहे, सही तुमची आहे.

तो माणूस वेल्डर. बायको शिवणकाम करायची. भाड्याच्या दोन खोल्यांत तिच्या मशीनला उजेड मिळेना, म्हणून घर घ्यायचं ठरलं. दोऱ्याच्या रिळासाठी चार दुकानं पालथी घालणारी बाई ती. वीस वर्षांचं कर्ज पहिल्याच दारात घेते होय?

"कर्ज बघतेयस की स्थळ?" वेल्डर चिडवायचा.

"स्थळ एकदा न बघता घेतलं. त्याची फळं भोगतेय."

पहिलं दार तुमच्या बँकेचं. व्याज सगळ्यांत कमी. फक्त कर्जाला विमा हवा, आणि विम्याला तपासणी. तुमच्या माणसानं वेल्डरच्या दंडातून तीन नळ्या रक्त काढलं. बायकोनं घाईघाईत लग्नाचा मूळ दाखलाच तुमच्याकडे देऊन टाकला. पंधरा दिवसांनी तुमचा फोन आला. तिनंच उचलला.

"तुमचं प्रकरण आमच्या धोरणात बसत नाही."

"काय कमी पडलं, साहेब?"

"कारण सांगायची पद्धत नाही, बाई. दुसरीकडे बघा."

तिला वाटलं, नवऱ्याची रोजंदारी नडली. तोंडाचा पट्टा सुटला. "तेव्हाच कारखान्यात चिकटला असतात तर आज दारोदार फिरावं लागलं नसतं." तो पाय चोळत बसला. पाय सुजले होते त्याचे. दिवसभर उभं राहून होत असेल, असं दोघांनी आपलंच ठरवून टाकलं.

दुसऱ्या दारात व्याज अव्वाच्या सव्वा. तिसऱ्यांनी जामीन मागितला. चौथ्या बँकेत ना तपासणी, ना विम्याची सक्ती.

"काका तर धडधाकट दिसतायत," काउंटरवरची मुलगी हसून म्हणाली.

बायकोनं विमा नको म्हणून सांगितलं. तेवढाच हप्ता हलका. बाहेर पडताना छाती पुढं काढून नवऱ्याला म्हणाली, "बघितलंत? चार दारं फिरले, म्हणून सुई टोचून न घेता घर मिळालं."

मशीन खिडकीशी लागलं. सातव्या महिन्यात वेल्डर नव्या घराच्या जिन्यातच बसला, तो उठेना. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती.

"वर्षभरात कधी रक्त तपासलं नव्हतं?" डॉक्टरांनी विचारलं.

"तपासलं होतं की. काही निघालं असतं तर त्यांनी सांगितलं नसतं का?"

दोन महिन्यांत वेल्डर गेला.

घर हातचं जाऊ द्यायचं नसेल तर कर्ज बायकोच्या नावावर चढायला हवं. त्याला लग्नाचा मूळ दाखला लागणार. काउंटरवरच्या त्याच मुलीनं, आता न हसता, तसं बजावलं. दाखला तुमच्याकडे. तुमच्या शिपायाला शोधायचा कंटाळा. त्यानं अख्खी फाइलच तिच्या पुढ्यात टाकली. "घ्या बघून, बाई."

दाखल्याच्या मागं रक्ताचा अहवाल टाचलेला होता. तांबड्या शाईत लिहिलेलं: मूत्रपिंडं निकामी होऊ लागली आहेत, रुग्णास ताबडतोब कळवावे. खाली तुमचा शेरा: धोका जास्त, नामंजूर. आणि सही.

ती कागद घेऊन तुमच्या टेबलापाशी आली.

"हे तुम्ही वाचलं होतं?"

"ते गोपनीय असतं, बाई. ठेवा ते."

"रक्त त्यांचं होतं."

"नियम मी करत नाही."

तिनं खुर्ची ओढली आणि बसली. मागं रांग खोळंबली, शिपाई दोनदा डोकावून गेला. जन्मभर लोकांची मापं घेतलेली बाई. तिनं तुम्हाला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं.

"तुमचे पैसे बुडू नयेत म्हणून हा कागद वाचलात. नवऱ्याला मी नको नको ते बोलले, तेही तुमच्या त्या फोनमुळं. नंबर होता तुमच्याकडे. मी कानाला लावूनच उभी होते. धोरणात बसत नाही म्हणालात, त्यापुढं आणखी एक वाक्य का नाही बोललात? मी बसलेय. उत्तर द्या."