सोशिक

रविवारी सकाळी नम्रता बाल्कनीत कपडे वाळत घालत होती. तेवढ्यात तिच्या आठ वर्षांच्या अपेक्षानं आजीला चहा द्यायचा म्हणून ओट्यावरच्या पातेल्याला हात घातला. पातेलं कलंडलं आणि उकळता चहा तिच्या मांडीवर सांडला.

वारज्यातल्या त्या फ्लॅटमध्ये आनंद, नम्रता, दोन मुलं आणि आनंदची आई दुर्गाबाई राहत. आनंद यवतमाळहून नोकरीसाठी आलेला, हिंजवडीच्या एका कंपनीत स्थिरावलेला. मुलांचं काही दुखलं-खुपलं की सगळे सदाशिव पेठेत डॉक्टर सत्यशीलांकडे जात. तीनच महिन्यांपूर्वी धाकट्या शंभूची हनुवटी फुटली, तेव्हा टाके घालण्याआधी डॉक्टरांनी त्याच्या नाकात औषधाचा बारीक फवारा मारला होता. दहा मिनिटांत शंभू गुंगला. टाके कधी पडले हे त्याला कळलंही नाही.

आता अपेक्षाची जखम धुऊन वरची कातडी काढायची होती. डॉक्टरांनी तसाच फवारा द्यायचं ठरवलं, तर दुर्गाबाईंनी हरकत घेतली. गुंगीच्या औषधानं डोक्यावर परिणाम होतो, असं त्यांना कुणीतरी सांगितलं होतं. औषध वजनाप्रमाणे मोजून देतो, मूल पूर्ण जागं होईपर्यंत जवळून हलत नाही, हे डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. मग त्यांनी विचारलं, शंभूच्या वेळी कुणी नको म्हटलं नव्हतं, ते कसं?

"तो लहान होता," दुर्गाबाई म्हणाल्या. "पोरीच्या जातीले सोसता आलं पाह्यजे. उद्या बाळंतपणात कोन फवारा मारते?"

आनंदनं संमतीचा कागद सही न करताच परत दिला. थोडक्या वेळाचं तर काम, आणि अपेक्षा समजूतदार आहे, असं तो म्हणाला. नम्रताला बोलायचं होतं, पण लग्नाला दहा वर्षं होऊनही सासूसमोर तिचा शब्द फुटत नसे. डॉक्टरांनी नाइलाजानं पोटात घ्यायच्या वेदनाशामक औषधावर भागवलं. नम्रतानं लेकीचे हात धरले.

अपेक्षा एकदाच किंचाळली. आजीनं डोळे वटारले. मग अपेक्षानं फ्रॉकची कड दातांत धरली आणि शेवटपर्यंत आवाज काढला नाही. घरी आल्यावर आजीनं तिला मांडीवर घेतलं, शेजारणींना बोलावून तिचं कौतुक सांगितलं. असं ड्रेसिंग पाच वेळा झालं आणि पाचही वेळा कौतुक झालं. मुलगी हुशार होती. काय केलं की आपण आवडतो, हे तिनं लवकर हेरलं.

काही महिन्यांनी, सहामाही परीक्षेच्या आठवड्यात, तिच्या पोटात दुखू लागलं. तिनं पेपर लिहिले. डबा तसाच परत येत होता. नम्रताला वाटलं, परीक्षेचं टेन्शन असेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी अपेक्षा पलंगामागं गुडघे पोटाशी घेऊन बसलेली सापडली. अंग तापानं फणफणलं होतं.

"आई, दुखतंय असं सांगितलं तर चालेल?" तिनं विचारलं.

अपेंडिक्स फुटून पोटात पू पसरला होता. शस्त्रक्रिया झाली, पण जंतूंचं विष रक्तात भिनलं होतं. चौथ्या दिवशी ती गेली. त्या सकाळीसुद्धा नर्सनं दुखतंय का विचारलं, तेव्हा तिनं मान हलवून नाही म्हटलं होतं.

आठवड्याभरानं आनंदची मावशी आनंदीबाई आणि सोसायटीतल्या बायका भेटायला आल्या. "किती सोशिक लेकरू होतं," आनंदीबाई डोळे पुसत म्हणाल्या. बायकांनी माना डोलावल्या.

"सोशिक म्हणू नका तिला," नम्रता म्हणाली. दहा वर्षांत त्या घरात तिचा आवाज प्रथमच इतका स्पष्ट निघाला. "दुखलं की रडणारी साधी मुलगी होती ती. तिला गप्प बसायला आम्ही शिकवलं. हात मी धरले होते."

दुर्गाबाईंनी पदर तोंडावर घेतला. आनंद भिंतीशी उभा होता. त्यानं बायकोला थांबवलं नाही.

नम्रता बायकांकडे वळली.

"तुमच्याही घरी मुली आहेत. आज गेल्यावर त्यांना विचारा, कुठं दुखतंय का. आणि 'काही नाही' म्हणाल्या, तर पुन्हा विचारा."