कार्डावरची आठ भोकं

शनिवारी दुपारी चार वाजून पन्नास मिनिटांनी नेमबाजी क्लबच्या मागच्या खोलीत, जिथे हत्यारं साफ करतात तिथे, एक गोळी सुटली. खोलीत दोनच माणसं होती. एक फिटर, वय सत्तर, कारखान्यातून निवृत्त. दुसरे मास्तर, वय अडुसष्ट, शाळेत भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त. गोळी मास्तरांच्या पोटात उजव्या बाजूला लागली. सोमवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी ते गेले.

मधल्या काळात, रविवारी दुपारी, मास्तर तासभर शुद्धीवर होते. चौकशी अधिकाऱ्यांनी खाटेशेजारी स्टूल ओढून त्यांचा जबाब घेतला. जबाब तीन ओळींचा आहे. पिस्तूल माझं. माझ्याच हातात होतं. रिकामं आहे असं समजून मी चाप ओढला, चूक माझी. खाली सही आहे. वाकडी, पण मास्तरांचीच.

जबाब खोटा होता. पिस्तूल फिटरच्या हातात होतं. आणि सोमवारी सकाळी नऊ चाळीसनंतर हे ठाऊक असलेला जगात एकच माणूस उरला होता.

क्लबात या दोघांना कुणी नावाने हाक मारत नसे. एक लोखंड, दुसरे प्लॅस्टिक. फिटरकडे बापाच्या वेळची सहाबारी, म्हणजे सहा गोळ्यांचं रिव्हॉल्व्हर, होती, निळसर पोलादाची, लाकडी मुठीची; मूठ त्याने स्वतः दोनदा बदललेली. मास्तरांकडे नव्या घडणीचं काळं पिस्तूल, वरची स्लाइड, म्हणजे मागे सरकणारा भाग, धातूची आणि खालचं अंग सगळं प्लॅस्टिकचं. बावीस वर्षं दर शनिवारी नेम मारून झाला की दोघे मागच्या खोलीत समोरासमोर बसत. टेबलावर तेलाची बाटली, ब्रश, चिंध्या. हात हत्यारं पुसत आणि तोंडं भांडत.

"मास्तर, होळीत पोरांवर पाणी उडवायला घेतलं होतंस का रे हे?" फिटर सुरू करायचा.

"तू आपला तो खलबत्ता सांभाळ. किती वजन ते! गोळी चुकली तर फेकून मारता येईल, एवढाच फायदा."

"गंजत नाही म्हणे! अरे, गंजायला आधी लोखंड असावं लागतं."

"तुझ्या चक्राचा एक दात झिजला तर तू आठवडाभर कानस घेऊन बसतोस. माझा भाग बिघडला की नवा आणतो, बसवतो. चहा गार व्हायच्या आत."

"म्हणजे तुला हात नाहीत, नुसतं पाकीट आहे."

नवी मंडळी दाराशी उभी राहून हसायची. पण हसण्याखाली फिटरचा एक मुद्दा खरा होता आणि मास्तरांनाही तो ठाऊक होता. सहाबारी पोटात काही ठेवत नाही, असं फिटर म्हणायचा. चक्र बाहेर काढलं की सहा घरं समोर. गोळी असेल तर दिसते, नसेल तर पलीकडचा उजेड दिसतो. मास्तरांच्या पिस्तुलाचं तसं नव्हतं. मुठीतलं मॅगझिन, म्हणजे गोळ्यांची डबी, काढून घेतलं तरी एक गोळी वर चेंबरमध्ये, नळीच्या मागच्या टोकाला, बसलेली असू शकते. आणि हे पिस्तूल साफ करायला सुटं करायचं, तर आधी चाप ओढावा लागतो.

"जे उघडायला आधी चाप ओढावा लागतो," फिटर टेबलावर बोट आपटून म्हणायचा, "ते हत्यार डोक्याने अधू आहे."

"हत्यार नाही, माणूस अधू असतो. चाप ओढायच्या आधी बघायचं असतं. डोळे कशाला दिलेत?" मास्तर भिंतीकडे हात करायचे.

भिंतीवर मास्तरांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलेला तक्ता होता. आधी मॅगझिन काढा. मग स्लाइड ओढा. मग चेंबरमध्ये डोळ्यांनी बघा आणि बोटाने चाचपा. मगच चापाला हात. क्लबात येणाऱ्या प्रत्येकाला मास्तर पहिल्या दिवशी तो तक्ता मोठ्याने वाचायला लावत. वयाने मोठी, हुद्द्याने मोठी माणसंही तिथे उभी राहून शाळेसारखी वाचत. क्रम महत्त्वाचा, असं मास्तर बजावत. आधी स्लाइड ओढून मग मॅगझिन काढलंत, तर वरची गोळी बाहेर पडते आणि खालची तिच्या जागी जाऊन बसते. हातात एक गोळी आली म्हणून तुम्ही खूश, आणि आत दुसरी तयार.

फिटरने तो तक्ता कधी वाचला नव्हता. त्याला गरज नव्हती. तो लोखंडवाला.

गेल्या वर्षभरात फिटरचा उजवा अंगठा आखडत चालला होता. सहाबारीचा घोडा मागे ओढताना तो ओठ चावायचा. निशाण्याच्या कार्डावरची भोकं इकडेतिकडे पडायला लागली. ज्येष्ठांच्या संघाची यादी पुढच्या महिन्यात लागायची होती आणि सेक्रेटरी त्याचं कार्ड हातात घेऊन नुसतं "हं" म्हणायला लागले होते. मास्तरांनी ते "हं" ऐकलं.

म्हणून त्या शनिवारी मास्तर म्हणाले, "बावीस वर्षं नावं ठेवतोयस. एकदा दहा गोळ्या मारून तर बघ. मी तुझा खलबत्ता उचलतो."

"हात विटाळेल माझा."

"घाबरलास म्हण की."

हे शब्द फिटरला झोंबणार, हे मास्तरांना पक्कं माहीत होतं. दया दाखवली असती तर तो उठून गेला असता.

फिटरने पिस्तूल घेतलं. पहिल्या गोळीनंतर तो थबकला. हलकं होतं, हाताला धक्का कमी होता, आखडलेल्या अंगठ्याला कामच नव्हतं. दुसरी, तिसरी. सहाबारीवर तो कधी मोजत नसे. सहा झाल्या की बोटांनाच कळायचं. सहाच्या पुढे मोजायची त्याच्या बोटांना सवयच नव्हती. कार्ड जवळ ओढून घेतलं तेव्हा मधोमध एकच फाटलेलं भोक होतं, एका नाण्याखाली झाकलं जाईल एवढं. एवढा नेम त्याने तरुणपणीही मारला नव्हता. आनंद व्हायला हवा होता. त्याला झाली ती लाज. बावीस वर्षांचं भांडण त्या नाण्याएवढ्या भोकातून गळून गेलं होतं. त्याने कार्डाची घडी केली आणि खिशात कोंबली.

गोळ्या संपल्या की हे पिस्तूल स्लाइड मागे अडकवून तसं सांगतं. स्लाइड मागे नव्हती. फिटरचं तिकडे लक्ष गेलं नाही.

तो आणि मास्तर त्या क्लबातले सगळ्यांत जुने. बाकीच्यांची हत्यारं आत येताना दाराशी तपासली जात. या दोघांना कोण तपासणार?

मागच्या खोलीत मास्तर आधी येऊन बसले होते. सहाबारी त्यांनी उघडून, चक्र बाहेर काढून टेबलावर ठेवली होती, सहाही घरं रिकामी.

"कार्ड कुठंय?"

"फाटलं."

"खिशातून टोक दिसतंय, फिटर." मास्तरांनी वाकून ते ओढून काढलंच. टेबलावर पसरून तळहाताने सुरकुत्या काढायला लागले. "अरे बाप रे. अरे, हे काय केलंस तू! नाण्याएवढं! आता बोल. आता कर बडबड."

"वारा होता मागून."

"बंद खोलीत?"

तोंड लपवायला फिटरने पिस्तूल साफ करायला घेतलं. स्लाइड ओढली. एक गोळी उडून टेबलावर टणटणत गेली.

"सहाच्या पुढे मोजता येत नाही लेकाला," मास्तर म्हणाले. त्यांनी वर पाहिलंही नाही. ते कार्डावर वाकले होते आणि फाटक्या कडेवरून बोट फिरवत भोकं मोजत होते. "पाच... सहा... सगळी एकात एक गेलीत, मोजायची कशी?"

नऊ मारल्या, दहावी ही पडली, असं फिटरच्या मनाने धरलं. त्याने मॅगझिन काढलं. ते रिकामं होतं. प्रत्यक्षात त्याने आठ मारल्या होत्या. पडली ती नववी. दहावी तिच्या जागी जाऊन बसली होती.

त्याने चाप ओढला.

रुग्णवाहिकेत मास्तरांनी त्याचं मनगट धरलं होतं. पकड विलक्षण घट्ट होती. "तू गप्प राहायचं," ते म्हणाले. फिटरने मान हलवली, होय की नाही ते त्याचं त्यालाच कळलं नाही. "तुला झेपायचं नाही ते. माझं काय, मला आता कोण काय विचारणार?" मग थोड्या वेळाने, डोळे मिटून, "नाण्याएवढं," असं म्हणाले.

फिटर गप्प राहिला. रविवारी राहिला, सोमवारी राहिला. मंगळवारी सेक्रेटरींनी क्लबात सगळ्यांना बोलावून दोन मिनिटं उभं केलं. फिटर भिंतीशी उभा होता. मागे कुणीतरी हलक्या आवाजात म्हणालं, "दुसऱ्यांना क्रम शिकवायचे आणि स्वतः..." कुणीतरी नाकातून हसलं. बुधवारी भिंतीवरचा तक्ता नव्हता. खिळा होता आणि खिळ्याखाली रंगाचा उजळ चौकोन.

"नवी माणसं येतात, विचारतात," सेक्रेटरी फिटरची नजर टाळत म्हणाले. "बरं दिसत नाही. छापील लावू आपण."

त्याच संध्याकाळी सहा वाजता मास्तरांची मुलगी फिटरच्या घरी आली. दवाखान्यात लोकांचे डोळे तपासायचं काम करते. तिथूनच सरळ आली होती, गळ्यात ओळखपत्र तसंच. काखेत गुंडाळलेला तक्ता होता. सेक्रेटरींनी तो तिच्या हातात दिला होता, वडिलांची आठवण म्हणून.

"बस ना, पोरी. पाणी आणतो."

"पाणी नको. काका, एक विचारू?" ती खुर्चीच्या कडेवर बसली. "मी बारा वर्षांची होते तेव्हा बाबांनी मला हे पाठ करायला लावलं. पिस्तूल हातात द्यायच्या आधी. जेवताना विचारायचे, मॅगझिन आधी की स्लाइड आधी? चुकले की पुन्हा. आई म्हणायची, पोरीला धड जेवू तरी द्या."



"मी जबाब वाचला. रिकामं समजून चाप ओढला म्हणे. तुम्ही समोर होतात. बाबांनी कधी तरी, एकदा तरी, क्रम चुकवला असेल?"

खोलीत पंखा फिरत होता. टेबलावर सहाबारीची जुनी लाकडी मूठ पडली होती, दुसऱ्यांदा बदलली तेव्हा काढलेली. फिटरने ती उचलली, पुन्हा ठेवली. हो म्हणणं सोपं होतं. मास्तरांनी तेच सांगितलं होतं, मनगट धरून. हो म्हटलं की मास्तरांचा शब्द राहिला असता, आणि मास्तर कायमचे बेफिकीर ठरले असते, स्वतःच्या मुलीच्या लेखीसुद्धा.

"नाही," तो म्हणाला. "कधीच नाही."

"मग?"

"पिस्तूल माझ्या हातात होतं."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. डोळ्यांत पाहून आतलं ओळखायचं तिचं रोजचं काम. पण तिने लगेच नजर काढून घेतली. तक्ता उचलला. त्याचं एक टोक उलगडत होतं, ते तिने दोनदा गुंडाळलं. दारापर्यंत गेली, चपलेत पाय घालताना तोल गेला म्हणून भिंतीला हात लावला. फिटर आधार द्यायला उठला, ती बाजूला झाली.

"उद्या तुम्ही सांगणार आहात, की मी सांगू?"

"मीच सांगतो."

दार उघडंच टाकून ती जिना उतरली. फिटरने ते बराच वेळ लावलं नाही.

गुरुवारी सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी फिटर चौकशी अधिकाऱ्यांसमोर बसला आणि सगळं सांगितलं: आठ मारल्या, नववी पडली, दहावी बसली. अधिकाऱ्यांनी मधे तोडलं नाही. शेवटी पेन खाली ठेवून म्हणाले, "आजोबा, मरणाऱ्या माणसाचा जबाब आमच्याकडे आहे. सहीसकट. तुम्ही मित्रासाठी स्वतःवर ओढवून घेताय असंही कुणी म्हणेल."

"त्याने ओढवून घेतलंय. मी परत मागतोय."

"पुरावा?"

फिटरने खिशातून कार्ड काढलं. शनिवारपासून ते त्याच्याकडेच होतं. रुग्णवाहिकेत मास्तरांच्या मुठीतून त्याने सोडवून घेतलं होतं. त्याच्या एका कोपऱ्यावर तपकिरी डाग होता. "यात आठ भोकं आहेत. मी नऊ समजलो, म्हणून हे झालं."

अधिकाऱ्यांनी कार्ड खिडकीपाशी उजेडात धरलं. मधोमध फाटलेलं एकच भोक. त्यातून पलीकडची भिंत दिसत होती.

"हे तर एकच आहे."

"एकात एक गेलीत," फिटर म्हणाला.

कार्ड पाकिटात घालून सील केलं आणि तपासणीला पाठवलं. सहाबारी आणि पिस्तूल आधीच जप्त आहेत, एकाच पेटीत, शेजारी शेजारी. फिटरचा जबाब मास्तरांच्या जबाबामागे फाइलला लावला आहे. दोन्ही एकमेकांना खोटं पाडतात. मास्तरांच्या मुलीने अजून काही कळवलेलं नाही. तक्ता परत लावावा अशी विनंती करणारं पत्र फिटरने क्लबला लिहिलं, त्यालाही उत्तर आलेलं नाही. तपासणाऱ्याने काल फोनवर अधिकाऱ्यांना एवढंच कळवलं की कार्डावर सात गोळ्यांच्या कडा स्पष्ट दिसतात. आठवीबद्दल आत्ताच खात्रीने सांगता येत नाही.